जुन्नरची लेणी, घाटाच्या बाजूने

लेण्याद्रीला वर्षभर गर्दी असते. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचं दर्शन म्हणजे तीनशेच्या आसपास पायऱ्या, वाटेवर माकडं, आणि ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले. वर पोचल्यावर माणूस एका प्रशस्त दालनात शिरतो, हात जोडतो, प्रसाद घेतो आणि उतरायला लागतो. त्या दालनात मधे एकही खांब नाही आणि तीन बाजूंच्या भिंतींत मिळून वीस खोल्या आहेत. हा मुळात बौद्ध भिक्खूंच्या राहण्यासाठी खोदलेला विहार. पुरातत्त्व खात्याच्या हिशेबात सात क्रमांकाचं लेणं. शेजारी सहा क्रमांकात कमानदार छताखाली स्तूप आहे. देवळातून बाहेर पडलेल्यांपैकी तिकडे वळणारे थोडे.

बुद्धस्थळांची यात्रा म्हटली की लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर अशी साखळी डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात अजिंठा, वेरूळ, फार तर कार्ले आणि कान्हेरी. जुन्नर या यादीत सहसा नसतं. खरं तर या एका गावाभोवतीच्या डोंगरांत लहानमोठी दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे सापडणं कठीण. यादीत नसण्याचं कारणही सरळ आहे. इथे अजिंठ्यासारखी चित्रं नाहीत आणि भव्य बुद्धमूर्ती नाहीत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढच्या तीनेकशे वर्षांतलं हे काम आहे आणि पूजा होती ती स्तूपाची. बहुतेक लेणी म्हणजे साध्या भिंती, बाक आणि दार. नुसतं ‘बघायला’ गेलेला माणूस तासाभरात कंटाळतो. माझं मत असं की तो चुकीच्या बाजूने आलेला असतो. पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नरला येणं सोयीचं खरं, पण ही लेणी ज्यांच्या पैशावर उभी राहिली ते व्यापारी समुद्राकडून, घाट चढून येत. तसं आलं की एकेका खोलीचा अर्थ लागू लागतो.

तेव्हा सुरुवात नालासोपाऱ्यातून करावी. विरार लोकलने जाता येणारं हे उपनगर म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथल्या ज्या टेकाडाला गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणतात तो विटांचा स्तूप आहे. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तो उकरला तेव्हा आत दगडी पेटी आणि तीत धातुकरंडक सापडले. ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच सोपाऱ्यातला. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला न्यायचा तर मधे सह्याद्रीची भिंत. ती ओलांडण्याच्या वाटा मोजक्या, आणि त्यांतली एक ठळक वाट म्हणजे नाणेघाट. घाट चढून आल्यावरचं पहिलं मोठं गाव जुन्नर.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी धरायची, टोकावडे मागे टाकायचं आणि वैशाखऱ्याच्या पुढे हमरस्त्यावर उतरायचं. तिथून जंगलातली मळलेली वाट आहे. सामान्य चालीला अडीच-तीन तास. वरच्या टप्प्यात पायाखाली दगड नीट बसवलेले आणि झिजलेले दिसतात. गुडघे दुखत असतील त्यांनी जुन्नरहून आपटाळे, घाटघरमार्गे गाडीने थेट माथ्यावर यावं आणि वाट वरून खाली अर्धा तास तरी उतरून बघावी. पावसाळ्यात इथला उलटा धबधबा बघायला शनिवार-रविवारी जत्रा भरते, गाड्यांमधून गाणी लागतात. ते टाळायचं असेल तर आठवड्याचा मधला वार किंवा दिवाळीनंतरचे दिवस धरावेत.

घाटाच्या तोंडाशी एक चौकोनी गुहा आहे. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळीच्या ओळी. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख. त्यात अश्वमेधासारख्या यज्ञांची नावं आहेत आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे आहेत. आपल्या अंकचिन्हांचे जे सर्वांत जुने नमुने सापडतात त्यांत हे आकडे येतात. मागच्या भिंतीपाशी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वरची नावं आणि पायांच्या खुणा उरल्या आहेत. म्हणजे बौद्ध लेण्यांच्या वाटेवरची पहिली खोली वैदिक यज्ञांची जाहिरात करणारी आहे! हे खटकण्याचं कारण नाही. याच घराण्यातल्या गौतमी बलश्रीने पुढे नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर भिक्खूंना लेणं दिलं. बाहेर मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. जवळपास पाण्याची खोदीव टाकी आहेत. रांजणापुढे फोटोसाठी रांग असते, टाक्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. जुन्नरची लेणी समजून घ्यायची तर आधी टाक्यांपाशी थांबायला हवं.

सह्याद्रीत पाऊस चार महिने कोसळतो आणि उरलेले आठ महिने थेंब नाही. भिक्खूंनी पावसाळ्यात फिरू नये, एका जागी वर्षावास करावा, हा नियम. कातळात खोली खोदून राहायचं तर पाणी त्याच कातळात साठवायला हवं. म्हणून कुठल्याही लेण्यासमोर उभं राहिलात की आधी दाराच्या डाव्या-उजव्या बाजूला, जमिनीलगत बघा. हातभर-दोन हात रुंदीचं चौकोनी तोंड दिसेल. वरून ते किरकोळ खड्ड्यासारखं वाटतं, पण आत टाकं सगळीकडे पसरलेलं असतं, कधी थेट लेण्याच्या अंगणाखालपर्यंत. तोंड लहान ठेवण्यात दुहेरी फायदा: ऊन आत जात नाही म्हणून पाणी कमी उडतं आणि पालापाचोळाही कमी पडतो. आता वर मान करा. कातळावर, लेण्याच्या माथ्याजवळ, पाण्याची पन्हळ कोरलेली दिसेल. डोंगरावरून येणारं पाणी दारात न पडता बाजूला वळावं आणि शक्य तिथे टाक्यात उतरावं, अशी ती सोय. काही टाक्यांच्या वरच्या कोनाड्यात एक-दोन ओळींचा लेख असतो. त्या लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे.

हे लेख शोधायला डोळा बसावा लागतो. टाक्यावरचा कोनाडा, ओसरीची बाजूची भिंत, दाराच्या वरची पट्टी आणि खांब, या चार जागा धुंडाळाव्यात. दुपारच्या सपाट उजेडात अक्षरं दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जावं. नाहीतर बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरावी, मग खाचांत सावली भरते आणि ओळ उठून येते. क म्हणजे बेरजेचं चिन्ह. ग म्हणजे वर मिटलेलं आणि खाली उघडं टोपडं. ठ म्हणजे नुसतं वर्तुळ, आणि त्याच वर्तुळात टिंब दिलं की थ. दहा-बारा अक्षरं पाठ झाली की ‘देयधम’ हा शब्द ओळखू येतो. देणगी असा त्याचा अर्थ, आणि जुन्नरच्या लेखांत तो वारंवार भेटतो. अलीकडे राज्यात ठिकठिकाणी तरुण मुलंमुली रविवारी लेण्यांवर जमून ही लिपी शिकवतात. आंबेडकरी चळवळीतली ही मंडळी तिला धम्मलिपी म्हणतात. अशा एखाद्या गटाबरोबर एक सकाळ घालवली तर पुस्तकापेक्षा लवकर हात बसतो. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा रंग भरण्याची खोड मात्र कुणी लावून घेऊ नये. दगडाला ते सोसत नाही, आणि संरक्षित स्मारकावर तो गुन्हाही आहे.

आता जुन्नरमधला क्रम. घाटाकडून येताना आधी तुळजा लेणी लागतात, शिवनेरीच्या पश्चिमेला, पाडळी गावाजवळ. पुढच्या ओसऱ्या केव्हाच ढासळल्या आहेत, त्यामुळे लांबून ही लेणी उघडी पडल्यासारखी दिसतात. इथलं तीन क्रमांकाचं लेणं चुकवू नये. गोल दालन, साधारण पंचवीस फूट व्यासाचं. मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. खांबांवर नक्षी नाही, स्तूपावर मूर्ती नाही. आपल्याकडची बहुतेक चैत्यगृहं, म्हणजे स्तूपाच्या पूजेची दालनं, लांबट आणि मागे अर्धगोल असतात. खांबांच्या कड्यासह असं गोल कोरलेलं चैत्यगृह दुसरं दाखवता येत नाही. स्तूप आणि खांब यांच्यामधून एक प्रदक्षिणा घालावी. वाट अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस जातो. ही खोली कशासाठी होती ते चालल्यावर कळतं. शेजारच्या एका लेण्यात तुळजादेवी बसली आहे, गावकऱ्यांचं येणंजाणं तिच्यासाठी.

नंतर शिवनेरी. किल्ल्यावर शिवजन्मस्थान बघायला येणारे हजारो, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर आणखी. पण याच डोंगराच्या कड्यांत, विशेषतः पूर्वेच्या बाजूला, लेण्यांच्या रांगा आहेत. पायऱ्यांची वाट सोडून आडव्या पाऊलवाटेने जावं लागतं; काही ठिकाणी कडा तुटलेला आहे, तिथे माहीतगार बरोबर नसेल तर हट्ट धरू नये. ज्यांपर्यंत सहज पोचता येतं त्यांत एक सपाट छताचं चैत्यगृह आहे आणि छतावर जुन्या रंगकामाचे अवशेष आहेत. हे दिलं वीरसेनक नावाच्या गृहपतींच्या प्रमुखाने, सगळ्या लोकांचं हित आणि सुख व्हावं म्हणून. याच डोंगरावर दोन यवन भेटतात, म्हणजे पश्चिमेकडून आलेले ग्रीक वंशाचे किंवा तसं म्हणवणारे. इरिलाने दोन पोढ्या दिल्या, चिटाने संघाला भोजनमंडप दिला. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने नाव कोरून ठेवावं ते पाण्याच्या टाक्यावर, हे मला राजांच्या प्रशस्तीपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

तिसरा डोंगर मानमोडी, गावाच्या दक्षिणेला. भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे लेण्यांचे तीन गट. वेळ कमी असेल तर इतर डोंगरांतून थोडी काटछाट करा, पण मानमोडीला अख्खी सकाळ द्या, कारण लेणं कसं खोदत आणि त्याचा खर्च कसा चाले हे दोन्ही इथे उघडं दिसतं.

खोदकामाचं आधी. भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाचं दर्शनी काम देखणं आहे: कमानीत पाकळ्यांसारख्या चौकटी, मधल्या पाकळीत लक्ष्मी आणि तिच्या बाजूला हत्ती. हे दर्शनी काम चंद नावाच्या यवनाची देणगी. आत शिरलात की काम अर्धवट. सुरुवात होई ती वरून. आधी छत आणि वरच्या बाजू पुऱ्या करायच्या, मग दगड फोडत खाली यायचं. यात मचाण बांधावं लागत नाही, न फोडलेला कातळच उभं राहायला असतो, आणि फोडलेला दगड दारातून बाहेर लोटता येतो. त्यामुळे सोडून दिलेल्या लेण्यात वरचा भाग घडवलेला आणि खालचा खडबडीत राहतो. खांब आणि स्तूप कातळातून अर्धेच सुटलेले दिसतात. सोडलं का? सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, आणि दोन कठीण थरांमध्ये कधीकधी मऊ, भुसभुशीत पट्टा येतो. असा पट्टा मधेच लागला की ठिसूळ दगडात खांब टिकत नाही. मानमोडीवर तो पट्टा भिंतीवर बोटाने दाखवता येतो. पैसे संपले, राजवट बदलली ही कारणंही असतीलच, पण दगडाने दगा दिला तर कुणाचाच इलाज नव्हता.

खर्चाचं प्रकरण जास्त रंजक आहे. मानमोडीवरचा सर्वांत मोलाचा लेख शक राजा महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचा. त्याने पोढी आणि मंडप दिला आणि वर्ष नोंदवलं ४६. हे शकवर्ष धरलं तर इसवीसन १२४ येतं. सातवाहन आणि क्षत्रप या घाटवाटांसाठी एकमेकांशी झुंजत होते आणि त्याच काळात क्षत्रपांचा अमात्य भिक्खूंच्या पाण्याची सोय करत होता. पण राजाची माणसं थोडी. जुन्नरच्या दात्यांत धान्य व्यापाऱ्यांची एक श्रेणी, म्हणजे व्यावसायिकांचा संघ, आहे, तिने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. अंबा-अंबिका गटातल्या लेखांत जमिनींची दानं आहेत. अडुथुम नावाच्या शक उपासकाने एका गावातली वीस निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) करंजाच्या झाडांसाठी आणि दुसऱ्या गावातली नऊ निवर्तनं वडांसाठी लावून दिली. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवल्याच्या नोंदी आहेत.

श्रेणीकडे पैसे ठेवायचे म्हणजे काय, याचा पुरा हिशेब नाशिकच्या लेण्यांत वाचायला मिळतो. त्रिरश्मीवरच्या दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने त्याच कालगणनेच्या ४२व्या वर्षी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. दोन हजार एकीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, अशी अट. आकडेमोड करून बघा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्खूंना बारा-बारा दिले की हिशेब शून्यावर येतो. दुसऱ्या हजाराचे वर्षाला नव्वद, ते किरकोळ खर्चाला. दोन हजार वर्षांपूर्वीची ही कायम ठेव कुठल्याही पतपेढीच्या सचिवाला लगेच समजेल. हे कार्षापण म्हणजे चांदीची नाणी. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या अशा तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने जिंकल्यावर आपला शिक्का पुन्हा मारला होता. सत्ता बदलली, नाणं तेच राहिलं.

एवढं झाल्यावर चौथ्या डोंगरावर, लेण्याद्रीला जावं. कुकडी ओलांडून गोळेगाव, पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं तिकीट. सहा क्रमांकाच्या चैत्यगृहात खांबांच्या शिरांवर हत्ती, वाघ, बैल बसवले आहेत. छताला कमानदार दगडी फासळ्या आहेत. लाकडी इमारतीत त्या भार पेलत. कातळात त्यांची गरज नाही, पण कारागिरांच्या हाताला लाकडाचीच सवय होती. हे चैत्यगृह दिलं ते कल्याणच्या सुलसदत्ताने, सोन्याच्या व्यवहारातल्या हेरणिकाच्या मुलाने. कल्याणहून जुन्नरला यायची वाट कोणती, हे नाणेघाट चढून आलेल्याला सांगायला नको.

जमेल तितकं थोडक्यात, जाण्याची तयारी. दोन पूर्ण दिवस हवेत, आणि नाणेघाट पायी चढायचा तर तिसरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर कातळ निसरडे होतात, एप्रिल-मेमध्ये कडे तापतात. या डोंगरांवर आग्या मोहोळं असतात आणि तो इथला खरा धोका आहे. अत्तर लावू नये, धूर करू नये, कड्याखाली आरडाओरडा करू नये, मोहोळ उठलं असेल तर त्या दिवशी तो डोंगर सोडून द्यावा. तालुक्यात उसाच्या शेतांमुळे बिबटे भरपूर. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रच आहे. म्हणून अंधार पडण्याआधी खाली उतरावं आणि एकट्याने जाऊ नये. अंधाऱ्या खोल्यांत वटवाघळं असतात, बॅटरी आणि तोंडाला रुमाल बरा. टाक्यातलं पाणी पिऊ नये, आपलं न्यावं. जेवायला जुन्नरमध्ये मासवडी मिळते आणि दिवसभर डोंगर पालथे घातल्यावर ती नाकारण्यात अर्थ नाही. घाटघर, आपटाळेकडून परतीच्या एसट्या कमी, म्हणून जीप आधी ठरवून ठेवावी.

तुळजा, अंबा-अंबिका, लेण्याद्री इथे देव नांदते आहेत. अंबा-अंबिकेत नंतरच्या काळातल्या जैन मूर्तीही आहेत. लेणं मूळ कुणाचं यावर पुजाऱ्याशी वाद घालत बसण्यापेक्षा त्याच्या परवानगीने मागच्या खोल्या बघाव्यात. बहुतेक वेळा तो स्वतःच एखादा कोपरा दाखवतो जो आपल्या नजरेतून सुटला असता.

पुढे जायचं असेल तर नारायणगावला येऊन नाशिकची गाडी पकडावी. उषवदाताचा हिशेब आणि बलश्रीचा लेख एकाच डोंगरावर, काही पावलांच्या अंतरावर आहेत. पुण्याकडे परतणाऱ्यांनी मात्र एक दिवस बेडसे लेण्यांसाठी राखावा. कामशेटहून करुंजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहेत, कार्ल्याच्या मानाने निम्मीही गर्दी नसते. चैत्यगृहाच्या ओसरीतले खांब जनावरांवर बसलेल्या जोडप्यांसकट इतके उंच आहेत की मान दुखते, आणि बाजूचा विहार चैत्यगृहासारखा मागे गोल व कमानदार छताचा, अशी गोष्ट सहसा दिसत नाही. तिथलाही दाता घाटवाटांवरचाच माणूस आहे: नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक.